रंग वाळेपर्यंत

थावरा नाईक तांडा,
मु. पो. गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
२४ एप्रिल २००२

प्रिय दानिएल,

प्रभूच्या नावात सलाम. पोचले एकदाची. हिंगोलीपर्यंत एस.टी.नं हाडं मोकळी केली आणि तिथून गोरेगावपर्यंत जीपवाल्यानं ती परत एकावर एक रचली. इथं जीपमध्ये माणसं मोजत नाहीत. दार लागायचं बंद झालं की जीप भरली असं समजतात. गोरेगावाहून तांडा पायी अर्ध्या तासावर आहे.

निघताना तुझ्याशी नीट बोलताच आलं नाही. तुझ्या बायकोनं, शालिनीनं पोहे पुढ्यात ठेवले, ते संपायच्या आत माझी पिशवी रिक्षात नेऊन ठेवली. इतकी तत्परता मी तिच्यात पूर्वी पाहिली नव्हती. असो.

होळीनंतर एका दुपारी इथं आग लागली. तुराट्यांच्या भिंती, वर गवताचं छप्पर, त्यात वारा सुटलेला. माणसं रानात होती म्हणून वाचली, पण अर्धा तांडा जळून गेला. आपल्या चर्चच्या मंडळीनं विटा आणि पत्रे पाठवले, गोरेगावचे गवंडी ठरवले, आणि त्यांच्या हाताखाली राबायला आम्ही स्वयंसेवक आलो: पाळकसाहेब, कॉलेजची नऊ मुलंमुली आणि मी. तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात मॅट्रन म्हणून घंटा वाजवली, आणि रिटायर झाल्यापासून बाबांच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी दुसऱ्यांच्या घंटा ऐकते आहे. मला कुणाच्या तरी उपयोगी पडायचं आहे रे. दुसरं काही नको.

उपयोगाचं म्हणशील तर आल्यापासून मी एकच वीट हलवली, तीही बसायला.

हे लोक काम करूच देत नाहीत. आल्या दिवशी तांड्याच्या प्रमुखांनी, शंकरसिंग नाईकांनी, आमच्यासाठी बकरं कापलं. ते बकरं आगीतून वाचलं होतं, पण आमच्या सेवाभावातून काही वाचलं नाही. स्वतः ताडपत्रीखाली राहतात आणि आम्हाला बाजेवर बसवून वाढतात. मुलांनी घमेलं उचललं की बायका ते हातातून काढून घेतात आणि त्या हातात चहाची कपबशी देतात. पाळकसाहेबांनी नाईकांना समजावून सांगितलं की आम्ही पाहुणे नाही, सेवक आहोत. नाईकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर हाय, साहेब," ते म्हणाले. "पन पाहुन्याच्या डोक्यावर घमेलं दिसलं तं उद्या दुसऱ्या तांड्यातून आमाला पोरी कोन देईन?"

पाळकसाहेब परत फिरले. त्यांनी मुलांना गाणी बसवायला सांगितलं.

माझ्या खोलीची खिडकी दुपारी लावत जा, उन्हानं लोखंडी पेटीवरचं कापड विटतं. पत्र पाठव.

तुझी अक्का,
एस्तेर


अहमदनगर
१ मे २००२

आदरणीय अक्का,

सप्रेम सलाम. तुझे पत्र पावले. वाचून आनंद झाला व थोडे हसूही आले. आपल्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठे. पण खेड्यातली माणसे मोठ्या मनाची असतात. तू संकोच न करता राहा.

इकडे आनंदाची बातमी. आपल्या चिरंजीवाचे, शमूचे लग्न ठरले. मुलगी श्रीरामपूरची आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त, म्हणजे आपल्यात मुहूर्त नसतो, हॉल त्या दिवशी मोकळा आहे. त्यानिमित्त घराला रंग काढला असून सुरुवात तुझ्या खोलीपासून केली. ही शालिनीची कल्पना. म्हणाली, अक्का नाहीत तोवर त्यांची खोली उरकून घेऊ, म्हणजे त्यांना त्रास नको. तुझी पेटी तूर्त व्हरांड्यात ठेवली आहे.

रंगाचा वास तुला सोसत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा येण्याची घाई अजिबात करू नकोस. शालिनीही तेच म्हणते. ती तर म्हणते, अक्कांना सेवेची इतकी आवड आहे तर आपण मध्ये का यावे.

तुझा भाऊ,
दानिएल


थावरा नाईक तांडा
७ मे २००२

प्रिय दानिएल,

सलाम. शमूचं वाचून डोळे भरून आले. तो चार वर्षांचा असताना माझ्या घंटेला लोंबकळायचा. आता बायकोला लोंबकळेल. त्याला माझा आशीर्वाद सांग.

खोलीला कोणता रंग देताय? मी निळसर सांगितला असता, पण विचारलं नाहीस. आणि पेटी व्हरांड्यात ठेवलीस त्यावर एक पोतं तरी टाक, तिथं मांजर बसतं.

इथं मी एक युक्ती करायला गेले आणि ती अंगलट आली. पाहुणीला काम देत नाहीत, तर आपण घरचं व्हावं असं मनात आलं. नाईकांच्या बायकोला, भिकाबाईला म्हटलं, मला तुमच्यातलीच समजा. तिला एवढा आनंद झाला की तिनं आणखी चार बायका बोलावल्या, त्या माझ्या गळ्यात पडून त्यांच्या रिवाजाप्रमाणे सुरात रडल्या, आणि मी तांड्याची लेक झाले. मीही रडले. छान रडू आलं. माहेरी आलेली लेक पाहुण्याच्याही वरची, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पाहुणी असताना निदान माझं ताट मला धुता येत होतं. आता तेही गेलं.

आपल्या मुलांचे हाल काय सांगू. एक मुलगी काल कुरकुरत होती की मॅडम, ड्रेस घट्ट झाला. पाळकसाहेबांनी नगरला कळवलंय की तांड्याशी संबंध दृढ होत आहेत. खोटं नाही, सगळेच दृढ होऊन राहिलेत.

पण एका गोष्टीनं माझं मन लागत नाही. जिवनबाई म्हणून एक म्हातारी आहे. बाकी सगळे मला मान देतात आणि ही शिव्या देते, त्यामुळे मला तिच्याजवळ बरं वाटतं. नवरा कधीच गेला, मुलगा झालाच नाही, दोन्ही लेकी दूर पुसदकडच्या तांड्यांत दिलेल्या. तिचं खोपटं आगीत गेलं, पण नव्या घरांत तिचं घर नाही. पंचांनी घरं चुलीवर मोजली. ज्याची चूल वेगळी त्याला घर. आग लागल्यापासून ती पुतण्याकडे, जगनकडे जेवते, म्हणून तिची चूल धरली नाही. कुणी दुष्ट नाही हं यात. जगन तर भला माणूस आहे. त्यानं तिला गोठ्याच्या कडेला जागा देऊ केली आहे, आणि तिथं वारा कसा छान येतो ते सगळे तिला सांगत असतात.

ती मला म्हणाली, "पंच म्हनले, एकल्या जिवाला जागा किती लागते. जागा कोन मागून राहिलं? मला दार पाह्यजे. कदी मानसाला दार लावून बसाचं आसते."

तिचं बोलणं मला फार लागलं. वसतिगृहात तीस वर्षं माझ्या खोलीचं दार मुलींसाठी रात्रंदिवस उघडं असायचं. बाबांच्या घरातली ती मागची खोली मिळाली, तेव्हा पहिल्या दिवशी मी काही काम नसताना दार लावून नुसती बसले होते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेबांना म्हटलं, म्हातारीचं काहीतरी करा. ते म्हणाले, हा तांड्याचा अंतर्गत प्रश्न आहे. बघते मीच.

अक्का


अहमदनगर
१३ मे २००२

आदरणीय अक्का,

सप्रेम सलाम. पाळकसाहेब व मुले काल रात्री सुखरूप परतली. सगळ्यांच्या तब्येती सुधारलेल्या दिसल्या. तू आली नाहीस. पाळकसाहेब म्हणाले की एस्तेरबाई तिथेच थांबल्या, कारण त्या तुम्हाला पत्राने कळवतील. नीट सांगेनात. तब्येत ठीक असावी.

रंग फिकट गुलाबी आहे. शमूला, म्हणजे शालिनीला, तो आवडला. मात्र तो अजून वाळलेला नाही. रंगारी म्हणतो, यंदाची हवाच तशी आहे. तुझी पेटी व्हरांड्यात मांडवाच्या सामानाला अडत होती, म्हणून शेजारी ओहोळांकडे ठेवली आहे. त्यांच्याकडे मांजर नाही.

आणखी एक लहानसा प्रश्न आहे. लग्नानंतर शमू व सूनबाई काही दिवस कुठे राहतील? नवे जोडपे हॉलमध्ये बरे दिसत नाही. शालिनी सहज म्हणाली, एकट्या माणसाला जागा ती किती लागते. हे ती सर्वसाधारण बोलली. कोणाला उद्देशून नव्हते. गैरसमज नसावा.

त्या जिवनबाईंची हकीकत वाचून फार वाईट वाटले. शालिनीला वाचून दाखवली तर तिच्याही डोळ्यांत पाणी आले. रक्ताची माणसे असताना म्हातारीला गोठा? काय ही रीत! तू खंबीर आहेस, तिच्यासाठी जरूर भांड. शेवटी आपले घर ते आपले घर.

तुझा भाऊ,
दानिएल


थावरा नाईक तांडा
१९ मे २००२

प्रिय दानिएल,

सलाम. तुझ्या सल्ल्याप्रमाणे भांडले. खरं तर तुझं पत्र यायच्या आधीच भांडून झालं होतं, पण तुझा पाठिंबा आहे हे वाचून बरं वाटलं.

पथक निघायच्या तीन-चार दिवस आधी पंच कडुनिंबाखाली बसले होते. मी तिथं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, पाहुण्याला काम नाही, लेकीला काम नाही, मग तुमच्यात काम असतं कुणाला? शेषराव कारभारी म्हणाले, सुनेला. सगळे हसले. मी म्हटलं, मग मला सून करून घ्या, जिवनबाईंची.

हसणं थांबलं. कारभारी म्हणाले, तिला पोरगाच नाही तर सून कुठून येणार. मी म्हटलं, भिकाबाईनं जन्म न देता मला लेक केलं, तेव्हा कुणी दाखला मागितला नाही. नाईक फेट्याचं टोक चाचपत राहिले. मला वाटलं, आता मला जीपमध्ये बसवतात. तेवढ्यात जिवनबाई मागून बोलली.

"सासरा न्हाई, नवरा न्हाई, नुस्ती सासू. आसं सासर कोनाला भेटते? घेते म्या हिला."

बायका इतक्या हसल्या की इथली अंगणवाडीची बाई, संगिता, खालीच बसली. पण झालं ते झालं. मी डोक्यावर पदर घेतला, जिवनबाईचं खोपटं जिथं होतं तिथं तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी फुंकणी हातात धरली रे. धुरानं डोळे गेले. मी थापलेली भाकरी बघून सासूबाई म्हणाल्या, ही भाकर आहे का खापर, आणि चार माणसांत माझ्या आईचा उद्धार केला. मग ती सगळी भाकरी खाल्ली.

नाईक येऊन चुलीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांचा कायदा त्यांच्याच पुढ्यात धूर काढत होता.

"चूल पेटली म्हनजी घर आलं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला सुतळी घेऊन तिथं पाठवलं.

तेव्हापासून मी काम करते आहे. विटा देते, पाणी आणते, गिलाव्याची वाळू चाळते. नाईकांसमोरून जाताना पदर पुढे ओढते. ज्या बाईला बघून चारशे मुली गप्प बसायच्या, ती आता पदराआडून 'जी' म्हणते. मला वाटलं होतं, आपल्या मुलांचाही मार्ग मोकळा होईल, पण ती तर आता सुनेच्या माहेरची माणसं झाली. त्यांचा मान आणखी वाढला. निघताना पाळकसाहेबांना फेटा बांधला. एकही वीट न उचलता पथक परत गेलं. गोरेगावात बोभाटा होता की हे लोक तांडा बाटवायला आलेत. आता बाजारात म्हणतात, तांड्यानंच त्यांची बाई ठेवून घेतली. पाळकसाहेबांना तुला का सांगता येईना ते आता कळलं असेल.

माझ्या प्रार्थनेला इथं कुणाची हरकत नाही. रविवारी मी निंबाखाली बसते. सासूबाई शेजारी बसतात आणि मध्येच विचारतात, झालं का.

आता तुझ्या पत्राचं. शालिनीचं वाक्य वाचलं. गैरसमज झाला नाही. तेच वाक्य पंच बोलले होते, आणि ते वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं असं तूच लिहिलंस. मे महिन्यात नगरला दोन आठवडे रंग वाळत नाही हेही वाचलं. इथं सकाळी गिलावा केला की दुपारी त्याला तडे जातात. तिकडची हवा वेगळी असेल.

मी लग्नाला येणार आहे. तोवर इथले पत्रे चढतील. दानिएल, सरळच लिहिते, मला माझी खोली हवी आहे. फार मोठी नाही ती. पण तिला दार आहे.

अक्का


अहमदनगर
२५ मे २००२

आदरणीय अक्का,

सप्रेम सलाम. तुझे पत्र वाचून आम्ही दोघेही थक्क झालो. मी ते दोनदा वाचले. प्रथम मला वाटले की ही गंमत आहे. परंतु शालिनीने लक्षात आणून दिले की चार माणसांत, पंचांसमक्ष झालेल्या गोष्टीला गंमत म्हणता येत नाही. तिथल्या लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. तू त्यांचा विश्वासघात करावास असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

शालिनीचे म्हणणे असे की अक्कांना या वयात सासर मिळाले ही प्रभूची कृपा. आणि सासरी गेलेल्या मुलीची खोली माहेरी कुणी रिकामी ठेवत नाही, ती आली की तिला पाहुणचार करतात. हे ऐकून मला उत्तर सुचले नाही. तुला तर माहीत आहे, मला वेळेवर काही सुचत नाही.

तू लग्नाला अवश्य ये. परक्यासारखी येऊ नकोस. तुझी झोपायची सोय हॉलमध्ये केली आहे. नवी घडीची खाट आणली आहे, पाठीला चांगली असते म्हणतात. ओहोळांना तुझ्या पेटीची अडचण नाही, राहू द्या म्हणाले.

तू रागावली नसशील अशी आशा आहे. तू रागावलीस की मला अजून जेवण जात नाही.

तुझा भाऊ,
दानिएल

ता. क. रंग वाळला.


अहमदनगर
१४ जून २००२

सासूबाईंना सूनबाईचा नमस्कार.

संगिता, हे पत्र मोठ्यानं वाच. सासूबाई मध्ये बोलायला लागल्या तर थांब आणि मग पुढे वाच. थांबली नाहीस तरी त्या थांबणार नाहीत.

शमूचं लग्न छान झालं. मुलगी गुणी आहे. तिचा काही दोष नाही, तिला घरच्यांनी सांगितलंय की ती खोली पहिल्यापासून शमूचीच. मी हॉलमध्ये घडीच्या खाटेवर असते. सकाळी घडी करून ती भिंतीला लावायची, म्हणजे लोकांना बसायला जागा होते. मग मला कुठं बसावं ते समजत नाही.

एक गंमत ऐका. इथं मला कुणी काम देत नाही. मी भांड्याला हात लावला की नवी सून ते काढून घेते आणि म्हणते, आत्याबाई, तुम्ही बसा. शालिनी कपबशी हातात आणून देते. बकरं तेवढं कापायचं राहिलंय. पहिले चार दिवस मला वाटलं, मान देतात. भिकाबाईही अशीच हातातून घमेलं काढून घ्यायची, पण तिनं मला कधी विचारलं नाही की तुमचं परतीचं कधी आहे. शालिनी रोज विचारते, आणि वर चहात साखर बरोबर आहे का तेही विचारते.

दानिएल वाईट नाही. रात्री सगळे झोपले की तो येऊन खाटेच्या कडेला बसतो आणि काहीतरी सांगायचं म्हणून पाणी कधी येतं ते सांगतो. मी त्याला लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत नेलं आहे. त्याच्याशी भांडावंसं वाटत नाही. पण मला वाईट वाटतं, सासूबाई. तुमच्यापाशी बोलायला लाज कसली, फार वाईट वाटतं. मी लोकांची घरं बांधायला गेले होते.

आपलं घर कसं आहे? दार नीट लागतं का? पावसाळा आहे, बिजागरीला तेल लावून घ्या.

तुम्हाला अडचण नसेल तर मी थोडे दिवस पाहुणी म्हणून येऊ का? जास्त दिवस राहणार नाही.

तुमची,
एस्तेर


थावरा नाईक तांडा
२४ जून २००२

एस्तेर मॅडमना संगिताचा नमस्कार. जिवनआजी सांगतात तसंच लिहिते आहे. सुधारायला गेले की रागावतात. पुढचं सगळं त्यांचं.

एस्तेर, तुही सासू जिवनबाई बोलून राहिली.

तुहं पत्र भेटलं. संगितानं वाचलं, भिकाबाईनं ऐकलं, आन् ज्यानं न्हाई ऐकलं त्याला भिकाबाईनं सांगितलं. तू रडू नगं. रडाचं आसन तं इथं येऊन रड, सुरात तरी रडशीन. आमी शिकवतो.

पाहुनी म्हून येऊ का, आसं काहून इचारलं? पाहुनी म्हून आलीस तं बकरं कापावं लागन, आन् बकरं न्हाई. जे व्हतं ते तुमी लोकानं खाल्लं. तवा तसं येऊ नगं.

सून माहेराला गेली, वीस दिस झाले, आजून पत्ता न्हाई. लोक मला इचारून राहिले, सासूनं काय तकलीफ देली. म्या कुनाकुनाचं तोंड धरू? दुसऱ्याच्या सुनेचं आसं झालं आसतं तं म्याच लई बोलली आसती.

चूल तू गेल्यापासून म्याच पेटवते. जगन म्हनते, काकू, आमच्याकडं जेव. म्या जात न्हाई. एक डाव जेवाय गेली की पंच म्हनतीन, चूल थंडी झाली, एकल्या जिवाला घर कशाला. नाईक रोज संध्याकाळी इकून जाते आन् धूर पाहाते. त्याला बी वाटते धूर दिसावा, पन तो नाईक हाय, त्याला मोजाच लागते. एकलीच्या चुलीचा धूर लई पातळ निंघते, बाई. मला बी भाकर गिळत न्हाई. तुही खापर बरी व्हती.

दार लागते. तेल लावलं. रातच्याला दार लावून बसते. लावलं की बरं वाटते, आन् मंग वाटते, आता बोलाव कुनासंगं. दोन मानसं आत आसली की दार लावाले मजा येते. हे मला पह्यलं मालूम नव्हतं.

तुहा देव तुह्यासंगं आन. इतवारी निंबाखाली बसत जा, म्या 'झालं का' म्हननार न्हाई. म्हनीन, पन कमी म्हनीन.

तुह्या भावाला सांग, तुमचा पाहुनचार पोचला. त्याला बोलू नगं काही, तो बी बायकोच्या घरी पाहुनाच दिसते. पेटी घे आन् हिंगोलीच्या गाडीत बस. जीपवाल्याला म्हन, जिवनबाईची सून हाय, म्होरं बसवन.

आन् आपल्या भिंतीला रंग देला न्हाई. तवा वाळाची वाट पाहू नगं.